कोणी तुडवलं?

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर खानापूरकडचं मराठी, सासर बैलहोंगलकडचं कन्नड. सकाळी मराठी पेपर आणि संध्याकाळी कन्नड बातम्या, हा आमचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता. एकाच घटनेला दोन भाषांत दोन शब्द मिळतात आणि त्यावरून चहाच्या वेळी आमच्याकडे गप्पा रंगतात. ४ जून २०२५ च्या संध्याकाळी मात्र कोणाला गप्पा सुचल्या नाहीत.

आदल्या रात्री बेंगळूरच्या संघाने आयपीएलच्या अठराव्या हंगामात पहिल्यांदा चषक जिंकला होता. दुसऱ्या दिवशी चिन्नस्वामी स्टेडियमवर सत्कार ठरला, लोक लोटले आणि दारांपाशी ११ जण गेले. माझ्या नणंदेचा मुलगा तिकडेच नोकरीला. त्याचा फोन लागेना. रात्री साडेआठला तो स्वतःच बोलला, “मामी, मी ऑफिसातच आहे, काळजी करू नका.” तोवर घरात चूल पेटली नव्हती.

टीव्हीवर खाली एकच शब्द फिरत होता, ‘काल्तुळित’. आमच्या अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, चष्मा सारखा करत तो वाचला आणि विचारलं, “यार तुळद्रु?” कोणी तुडवलं?

मी त्यांना मराठी शब्द सांगितला, ‘चेंगराचेंगरी’. त्या म्हणाल्या, “तेच विचारते. कोणी चेंगरलं?”

त्या चार बुकं शिकलेल्या, पण प्रश्न नेमका होता. ‘काल्तुळित’ म्हणजे पायांखाली तुडवणं. पाय कोणाचे? तिथे जमलेल्यांचेच. आणि ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द ‘मारामारी’, ‘ढकलाढकली’ यांच्याच पंक्तीला बसणारा. ऐकलं की वाटतं, दोन्ही बाजूंनी मिळून काहीतरी केलं आणि त्यात ही माणसं गेली. म्हणजे दोन्ही भाषांत, मेलेला माणूसच थोडाबहुत गुन्हेगार ठरतो. दार किती रुंद होतं, ते कोणी उघडलं, कोणी बंद ठेवलं, हे त्या शब्दात कुठेच येत नाही.

मी छत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. त्यामुळे एक गोष्ट आधी सांगते. अशा गर्दीत बहुतेक माणसं पायाखाली येऊन मरत नाहीत. उभ्या उभ्या मरतात. श्वास घ्यायचा तर छाती फुगायला जागा लागते. पुढून आणि मागून दाब आला की बरगड्या हलत नाहीत, हवा आत जात नाही. आधी ओरडता येत नाही, मग शुद्ध जाते आणि काही मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर चालता येतं. सहा-सातच्या वर गेली की ती गर्दी पाण्यासारखी वागते. लाट येते तशी सगळी एका बाजूला झुकतात, पाय जमिनीवरून सुटतात. मागचा माणूस मुद्दाम ढकलतो असं नाही, पुढे काय चाललंय हे त्याला दिसतच नाही.

हे सगळं जगाला ज्या एका मैदानाने शिकवलं ते इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातलं हिल्सबरो. आमचे हे फुटबॉलवेडे. लिव्हरपूलच्या जुन्या सामन्यांबद्दल त्यांचं बोलणं संपत नाही. पण हिल्सबरोचा विषय निघाला की ते गप्प होतात. तारीख १५ एप्रिल १९८९. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना. दुपारी तीनला सुरू व्हायचा.

लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसाठी लेपिंग्ज लेनकडची बाजू दिली होती. तिथे उभं राहून सामना बघायच्या जागेची दहा हजारांहून अधिक तिकिटं विकलेली आणि आत सोडायला फिरती फाटकं फक्त सात. बाहेर गर्दी तुंबली. लोक दाबले जाऊ लागले, तेव्हा पोलिसांनी २ वाजून ५२ मिनिटांनी ‘सी’ नावाचं मोठं बाहेर जायचं दार उघडायला लावलं. सुमारे दोन हजार माणसं आत आली. समोरच एक उताराचा बोगदा होता. तो मैदानाच्या मधल्या दोन कुंपणबंद भागांत जायचा, तीन आणि चार नंबरच्या. इंग्रजीत त्या भागांना जो शब्द वापरत त्याचा अर्थ आपल्याकडचा कोंडवाडा, कन्नडात दोड्डी. गुरं कोंडतात तसा. दोन्ही बाजूला जाळ्या आणि पुढे मैदानात कोणी घुसू नये म्हणून उंच कुंपण. ते दोन्ही आधीच खच्चून भरले होते. बाजूचे मात्र रिकामे होते. आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, याच मैदानावर पोलिसांनी तो बोगदा वेळेवर बंद करून लोकांना बाजूला वळवलं होतं. या वर्षी ते कोणी केलं नाही. त्या दिवशीचा मुख्य पोलीस अधिकारी त्या पदावर जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी आलेला होता.

सामना सुरू झाला आणि सहाव्या मिनिटाला थांबवावा लागला. तोवर आतला एक लोखंडी अडसर मोडून माणसं एकावर एक पडली होती. पुढची माणसं कुंपणाच्या जाळीवर चेहरे दाबून उभी होती. पोलिसांना आधी वाटलं, लोक मैदानात घुसून दंगा करताहेत. प्रेक्षकांनीच जाहिरातींच्या फळ्या उखडून त्यांचे स्ट्रेचर केले. मैदानाबाहेर ४४ रुग्णवाहिका येऊन उभ्या होत्या, पण त्यांतल्या मोजक्याच आत मैदानापर्यंत पोहोचल्या. मरण पावलेल्यांपैकी फक्त १४ जण दवाखान्यापर्यंत गेले. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता, सर्वांत वृद्ध माणूस ६७ वर्षांचा.

इथवर अपघात म्हणा हवं तर. पुढचं मात्र अपघात नव्हे.

मैदानातल्या व्यायामशाळेत प्रेतं ठेवली होती. रात्री नातेवाईक आले, तेव्हा त्यांना आधी फळ्यावर लावलेले झटपट फोटो दाखवले. त्यातून आपला माणूस ओळखायचा. ओळख पटली की लगेच टेबलापाशी बसवून विचारणा सुरू, मुलगा दारू प्यायला होता का? वाटेत किती प्याला? मृतांच्या रक्तातलं दारूचं प्रमाण तपासलं गेलं, त्यात लहान मुलंही सुटली नाहीत. नर्स म्हणून सांगते, हे वाचताना माझे हात थरथरले. आमच्याकडे कोणी रडत आलं तर आधी खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, नाव नीट विचारायचं, मग बाकी सगळं, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं.

सामना थांबल्यानंतर थोड्याच वेळात त्या पोलीस अधिकाऱ्याने सांगितलं होतं की लोकांनीच दार फोडलं. दार तर त्याच्याच हुकुमावरून उघडलं होतं. चार दिवसांनी ‘द सन’ या दैनिकाने ‘सत्य’ असा भला मोठा मथळा देऊन छापलं की प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं. लिव्हरपूल शहराने त्या पेपरावर टाकलेला बहिष्कार आजतागायत उठवलेला नाही. वर्षभराच्या आत न्यायमूर्ती टेलर यांनी अहवालात लिहिलं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे होतं. त्यांच्याच शिफारशीवरून मोठ्या मैदानांवरची कुंपणं गेली, सगळ्यांना बसायला खुर्च्या आल्या. तरीही मार्च १९९१ मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निकाल आला तो ‘अपघाती मृत्यू’ असा.

त्या चौकशीत एक अट होती. सव्वातीननंतर काय घडलं ते विचारायचं नाही, कारण तोवर सगळे वाचण्यापलीकडे गेले होते, असं धरून चालायचं. याच सव्वातीनपाशी एक आई अडून बसली. अ‍ॅन विल्यम्स तिचं नाव. एका दुकानात काम करणारी साधी बाई. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा त्यात गेला होता. एका विशेष महिला कॉन्स्टेबलने मूळ निवेदनात सांगितलं होतं की चारच्या सुमारास त्या मुलाने डोळे उघडले आणि तो ‘आई’ म्हणाला. म्हणजे सव्वातीनला तो जिवंत होता. म्हणजे कोणीतरी त्याला वाचवू शकलं असतं.

इथे मला आमच्या कॅज्युअल्टीतली एक रात्र सांगावीशी वाटते. यात्रेहून परतणारा टेम्पो उलटला होता. एका तरुण मुलाला आणलं तेव्हाच तो गेलेला होता. त्याची आई आली. तिने डॉक्टरांना काही विचारलं नाही. माझा हात धरून विचारलं, “एनरे माताडिदनेन्री?” काही बोलला का हो? मी इतकी वर्षं वॉर्डात काढली, मराठी आया पाहिल्या, कन्नड पाहिल्या, उर्दू बोलणाऱ्या पाहिल्या. सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. शेवटी काही बोलला का? तो एकटा होता का? कोणी जवळ होतं का? कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाला जागा नसेल, पण आईसाठी दुसरा प्रश्नच नसतो. अ‍ॅन विल्यम्सला त्याचं उत्तर मिळालेलं होतं आणि सरकारी कागद ते उत्तर खोटं म्हणत होते. ती वीस वर्षांहून अधिक काळ भांडली. तिचे अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळले गेले.

शेवटी सरकारने स्वतंत्र समिती नेमली. लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स तिचे अध्यक्ष. साडेचार लाख पानं तपासून १२ सप्टेंबर २०१२ रोजी समितीने अहवाल दिला. पोलिसांची १६४ निवेदनं बदललेली होती. त्यांतल्या ११६ निवेदनांमधून पोलिसांवर ठपका येईल असा मजकूर काढून टाकलेला होता. आणि ४१ जण कदाचित वाचू शकले असते. पंतप्रधान कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली. डिसेंबर २०१२ मध्ये जुना निकाल रद्द झाला. अ‍ॅन विल्यम्स तेव्हा कर्करोगाने खंगलेली होती. पुढच्या एप्रिलमध्ये, स्मृतिदिनानंतर तीनच दिवसांनी ती गेली. नवी चौकशी दोन वर्षांहून अधिक काळ चालली. २६ एप्रिल २०१६ रोजी पंचांनी सांगितलं की या माणसांचा मृत्यू बेकायदेशीर कृत्याने झाला आणि प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं लागली.

आता एक असा धागा सांगते, जो थेट आपल्या भागापर्यंत येतो.

हिल्सबरोच्या मृतांत टोनी ब्लँड नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. तो त्या दिवशी मेला नाही. श्वास कोंडल्याने मेंदू गेला, शरीर राहिलं. जवळजवळ चार वर्षं तो नळीवर होता. आईवडील आणि डॉक्टर कोर्टात गेले की याला आता सुखाने जाऊ द्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, परवानगी दिली आणि ३ मार्चला तो गेला. मृतांचा आकडा ९६ झाला.

अठरा वर्षांनी, ७ मार्च २०११ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात निकाल दिला. त्यात या ब्लँड खटल्याची सविस्तर चर्चा आहे. अरुणाबाई म्हणजे आपल्याच कारवार जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला. गळा साखळीने आवळल्याने त्यांच्याही मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. न्यायालयाने त्यांच्या बाबतीत दयामरण नाकारलं, कारण केईएमच्या परिचारिकांना त्यांना सांभाळायचं होतं. पण अतिशय कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा मोकळी केली. २०१८ मध्ये न्यायालयाने ती वाट आणखी रुंद केली आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने त्यासाठी परिपत्रकही काढलं.

२०११ चा तो निकाल आला त्या दिवशी आमच्या ड्यूटी रूममध्ये दुसरा विषय नव्हता. केईएमच्या त्या सिस्टर लोकांनी बेचाळीस वर्षं, मे २०१५ मध्ये अरुणाबाई जाईपर्यंत, त्यांची सेवा केली. त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत, याचा अर्थ आमच्यासारख्यांनाच कळतो. हिल्सबरो हे नाव मी नीट वाचलं ते त्या निकालामुळेच. शेफील्डच्या मैदानावर एक दार चुकीच्या वेळी उघडलं, आणि त्याचा परिणाम परळच्या एका वॉर्डातल्या हळदीपूरच्या बाईच्या निकालात लिहिला गेला.

हिल्सबरोचा आकडा ९६ वरही थांबला नाही. त्या दिवशी बावीस वर्षांचा असलेला एक तरुण मेंदूला इजा होऊन जगला. घरच्यांनी त्याला ३२ वर्षं सांभाळलं. जुलै २०२१ मध्ये तो गेला आणि त्याचाही मृत्यू त्याच दिवसाचा धरला गेला. क्लबच्या जर्सीवरच्या ९६ चे ९७ झाले. ते वाचून मला त्या घराचीच आठवण येते. बत्तीस वर्षं कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. त्या घरचा हिशोब कोणत्या बातमीत येतो?

शिक्षा किती जणांना झाली? मुख्य अधिकाऱ्यावर खटला चालला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला. निवेदनं बदलल्याचा खटला २०२१ मध्ये कोसळला. दंड झाला तो एकट्या क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्याला, साडेसहा हजार पौंड. सरकारी माणसांनी चौकशीत खरंच बोललं पाहिजे, असं सांगणारा कायदा त्या कुटुंबांनी मागितला. त्याचं विधेयक संसदेत आलं सप्टेंबर २०२५ मध्ये. छत्तीस वर्षांनी.

प्रत्येक वेळी गर्दी निर्दोष असते असं मी म्हणत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात स्टँडमध्ये हाणामारी पेटली आणि पळापळीत १६ जण गेले. तिथे प्रेक्षक भांडले होते. पण कोलकात्याने त्या दिवसाचं काय केलं पाहा. दर वर्षी १६ ऑगस्टला तिथे फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. उलट इंडोनेशियातल्या मलांगमध्ये १ ऑक्टोबर २०२२ ला पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे धावले आणि १३५ जण गेले. आणि आपल्या जवळचं मांढरदेवी. २५ जानेवारी २००५, काळूबाईची यात्रा, चढाची अरुंद वाट, सुमारे तीनशे माणसं. तेव्हाही ‘चेंगराचेंगरी’ एवढंच लिहिलं आणि बोललं गेलं. बेंगळूरच्या घटनेनंतर निलंबनं झाली, न्यायमूर्तींचा आयोग बसला, ऑगस्ट २०२५ मध्ये गर्दी नियंत्रणाचं विधेयक विधानसभेत मांडलं गेलं. हिल्सबरोचा इतिहास सांगतो की अहवाल येणं ही अर्धीच गोष्ट आहे. तो वाचून कोणी दार रुंद केलं का, हे पाहत राहावं लागतं.

आपण घरच्या माणसांनी काय करायचं? आपल्याकडे गणपती विसर्जनाची मिरवणूक असते, जत्रा असतात, आता जिंकलेल्या संघांच्या मिरवणुकाही असतात. मुलांना घेऊन जरूर जा, पण आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट पाहून ठेवा. गर्दीत खांद्याला खांदा चारी बाजूंनी लागू लागला, हात वर उचलता येईनासा झाला, तर तिथेच कडेला वळा, पुढे जाऊ नका. अडकलातच तर हात छातीपुढे धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लाटेच्या विरुद्ध ढकलू नका, तिरकं तिरकं कडेला सरका. चप्पल पडली, मोबाईल पडला तरी वाकू नका. लहान मुलाला खाली चालवू नका, उचलून घ्या. मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि कन्नडातही.

मंडळाचे, संयोजनाचे काम करणाऱ्या भावांनाही विनंती. किती माणसं येतील याचा अंदाज, दारं किती, बंद कोणती, रुग्णवाहिका आत येईल का, माईकवरून दोन्ही भाषांत सूचना कोण देईल, हे कागदावर लिहून एका माणसाच्या हातात द्या. जबाबदार कोण, हे त्या दिवसाच्या आधी ठरलेलं असावं, नंतर शोधावं लागू नये.

आणि पुढे कधी अशी बातमी आलीच, तर लोक बेभान होते, पोरांना शिस्त नाही, असं लगेच म्हणू नका. ते वाक्य कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आईच्या कानावर पडत असतं. तिला त्या घटकेला फक्त एवढंच हवं असतं की कोणीतरी जवळ बसावं, तिचं नाव विचारावं आणि ती विचारते आहे त्याचं खरं उत्तर द्यावं.